कितवी खेप

धार,
१४ जून १९५४

सौ. जानकीबाई विहीणबाई यांस रुक्मिणीबाईचा नमस्कार. व्याही भैयासाहेबांनाही सांगावा.

डोहाळजेवणाहून काल सुखरूप घरी पोचले. पाहुणचारात काही उणं नव्हतं. फुलांची वाडी भरलीत, लुगडं दिलंत, वाटेसाठी दशम्या बांधून दिल्यात. ते सगळं गोड मानून घेतलं. आता कडू ऐका. मुलीच्या आईनं विहिणीला असं लिहायचं नसतं हे मला ठाऊक आहे. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे हे पत्र कमलच तुम्हांला वाचून दाखवील आणि उत्तरही तुम्ही सांगाल तसं तीच लिहील, हेही ठाऊक आहे. वाचू द्या तिला. तिच्याबद्दलच आहे.

परवा आपण तिघी जनाना दवाखान्यात गेलो. मला तुम्ही बाहेर बाकावर बसवलंत आणि सुनेला घेऊन पडद्याआड गेलात. पडदा कापडाचा होता, विहीणबाई, भिंत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तीन प्रश्न विचारले. "कितनी बार पेट से रहीं? जचगी कितनी हुईं? बच्चे कितने हैं?" तीन प्रश्नांना तीन उत्तरं असतात. तुम्ही तिन्हींना मिळून एकच दिलंत, "पहलौटी है, बाई."

माझी कमल पहिलटकरीण! मग तीन वर्षांपूर्वी माझ्या माजघरात बाळंत झाली ती कोण होती? पुऱ्या दिवसांचं मूल होतं. मुलगा होता. रडला नाही, एवढंच. आणि मूल आलं तरी वार येईना. मुलामागून थोड्या वेळात ती पडावी, तर आत चिकटून बसली आणि रक्ताचा लोट लागला. घरातली धडुती पुरेनात, मी नेसतं लुगडं फाडलं. मालन सुईणीनं हात घालून वार काढली म्हणून मुलगी हाती लागली. पुढे किती दिवस तरी तिला भिंतीला टेकूनसुद्धा बसवत नव्हतं.

एकदा जिची वार अडकली तिची पुन्हा अडकते, हे बायकांत कुणाला ठाऊक नाही? डॉक्टरीणबाईंना आधी कळलं तर त्या तयारीत राहतील. नाही कळलं तर त्यांना वाटेल, सगळं सरळ आहे, आणि त्या हात धुऊन दुसऱ्या खाटेकडे वळतील. तोवर माझी मुलगी पांढरी पडलेली असेल.

दवाखान्यात जाऊन खरं काय ते सांगा. आणि सांगितल्याचं मला कळवा. कळवेपर्यंत मी विचारत राहणार.

रुक्मिणीबाई


देवास,
२१ जून १९५४

गं. भा. रुक्मिणीबाई यांस जानकीबाईचा नमस्कार.

पत्र कमलनं वाचून दाखवलं. मी ते दोनदा वाचायला लावलं, कारण पहिल्यांदा माझा कानांवर विश्वास बसेना. माझ्या घरी चौरंगावर ताट मांडून जेवलात आणि हात वाळायच्या आत पडद्याला कान लावलात. वा! याला म्हणतात व्याहीपण.

आता माझं ऐका. आमच्या घरानं दरबारात तीन पिढ्या कारभार पाहिला. संस्थान गेलं, पण आमच्या रीती काही कुणी विलीन करून घेतल्या नाहीत. ज्या मुलाचं बारसं झालं नाही ते आमच्यात मोजत नाहीत. त्याला नाव नाही, त्याचं श्राद्ध नाही, कुळाच्या यादीत त्याला जागा नाही. शास्त्र त्याला धरत नाही, तर दवाखान्यात मी कशाला धरू?

शिवाय झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या दवाखान्यातली आया आमच्याच गल्लीत राहते. आज तिथे मी तोंड उघडलं की उद्या हळदीकुंकवात तोच विषय. 'हिचं मेलेलं निघालं' असं एकदा झालं की कोण हिला कुणाच्या ओटीला बोलावील? चामुंडेच्या टेकडीवर जाऊन मी नवस बोलले आहे. या खेपेला सगळं पहिल्यासारखं करायचं. पहिलटकरणीचे लाड, पहिलटकरणीचं डोहाळजेवण, पहिलटकरणीचं नाव. म्हणजे मागचं पुसलं जाईल. तुम्ही मात्र पुसलेलं पुन्हा गिरवायला बसलात.

मुलगी एकदा दिली की दिली. तिची काळजी आता या घराला आहे. तुम्ही जपजाप्य करावं, देव तुमचं डोकं शांत ठेवो.

जानकीबाई

लिहिणार कमल. आई, साष्टांग नमस्कार.


धार,
२५ जून १९५४

सौ. जानकीबाई यांस,

नमस्कार वर लिहिला आहे असं समजा.

पत्राचं अक्षर माझ्या लेकीचं, मी पाटीवर हात धरून गिरवून घेतलेलं. त्या अक्षरात 'आमच्यात मोजत नाहीत' हे वाचलं आणि चुलीवरचं दूध उतू गेलं तरी मी उठले नाही. तिचं मूल तिच्याच हातून खोडून घेतलंत! एवढं तर वैरीही करत नाही.

बारसं झालं नाही, कबूल. पण नऊ महिने वाहिलं की नाही? दोन दिवस कळा दिल्या की नाही? मागाहून पान्हा फुटला, तो तुमच्या शास्त्राला विचारून फुटला काय? तो आटावा म्हणून मी तिच्या उराला मोगऱ्याची फुलं बांधत होते, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. बाईला दिवस राहणं वेगळं, बाईनं बाळंत होणं वेगळं आणि बाईच्या मांडीवर मूल असणं वेगळं. म्हणून तर डॉक्टरीणबाईंनी तीनदा विचारलं. त्यांना पोटाची हकीकत हवी होती, विहीणबाई, तुमची वंशावळ नको होती. आणि मूठ झाकायची ती दाणे-पैशांची. माणसाचा जीव मुठीत झाकला तर गुदमरतो.

तुम्हांला रीत फार प्यारी, तर रीतीनंच बोलू. पहिलं बाळंतपण माहेरी, पुढची सासरी. ही रीत तुमच्याकडेही आहे, आमच्याकडेही आहे. कमल जर पहिलटकरीण असेल तर पत्रदेखत तिला धारला पाठवा. मी इथल्या दवाखान्यात नेते आणि काय घडलं ते सगळं सांगते. आणि ती पहिलटकरीण नसेल, तर देवासच्या डॉक्टरीणबाईंना तसं सांगून या. दोन्ही डगरींवर हात ठेवता येणार नाही. एक धरा.

जावईबापू सोनकच्छच्या तहसिलीत, शनिवारच्या मोटारीनं येतात आणि सोमवारी जातात. त्यांच्या कानावर यातलं काय घातलंत तेही कळू द्या.

रुक्मिणीबाई


देवास,
२ जुलै १९५४

गं. भा. रुक्मिणीबाई यांस,

मोठी कोंडी केलीत असं वाटत असेल तुम्हांला. धारला पाठवू म्हणता? कशाला? पहिलं मूल कुणाच्या घरी गेलं? कुणाच्या सुईणीनं हात घातला? रीतीप्रमाणे पाठवलीच होती ना मी, भरल्या ओटीनं? परत आली ती रिकामी, आणि हळदीसारखी पिवळी. त्यावर तीन वर्षांत मी एका शब्दानं तुम्हांला बोलले होते का? डॉक्टरीणबाई काय तेवढंच विचारून थांबतील? कुठे झालं, कुणी केलं, दवाखान्यात का नाही नेलं, हेही विचारतील. मग नाव तुमचं निघेल. मी तुमची लाज राखली, आणि तुम्ही मलाच खोटारडी ठरवता. चोराच्या उलट्या बोंबा!

विषय तुम्ही काढलात म्हणून आता सगळंच ऐका. मोरोपंत आपली मुलगी माझ्या चिंतामणीला द्यायला तयार आहेत. दीड वर्षापासून निरोप येताहेत. इकडचं, म्हणजे चिंतामणीच्या वडलांचं, मन त्या बाजूला झुकलं होतं. म्हणणं पडलं, "हिचं टिकत नाही, दुसरी करायला हरकत कसली?" कायद्यानं बंदी येणार येणार म्हणतात, तेवढ्यात उरकून घ्यावं असंही बोलणं झालं. मोरोपंतांच्या माणसाला मी दारातच सांगितलं, "सुनेची ही पहिलीच खेप आहे, त्यांना म्हणावं दुसरीकडे बघा." मी अशी उभी राहिले म्हणून घरात कुणी पुढे बोललं नाही. दारात एक आणि दवाखान्यात दुसरं सांगितलं तर ती आया दोन्हीकडची बातमी जुळवील, आणि तुमच्या मुलीच्या उरावर सवत येऊन बसेल. ती तुम्हांला चालेल?

मी तिची वैरीण नाही. दुसऱ्या वेळी चार महिन्यांचं पोट पडलं तेव्हा तिच्या उशाशी मी होते. तुम्ही नव्हतात.

चिंतामणीला बायकांच्या गोष्टीत मी ओढत नाही. कमल इथेच राहील. आठव्यात प्रवास करत नाहीत, हीसुद्धा रीतच आहे.

जानकीबाई


धार,
६ जुलै १९५४

जानकीबाई,

दुसऱ्या वेळी? दुसऱ्या वेळी म्हणजे कुठल्या वेळी?

तुमचं पत्र तीनदा वाचलं. बाकीचं सगळं राहू द्या. माझ्या मुलीचं चार महिन्यांचं पोट पडलं आणि मला, तिच्या आईला, ते आज भांडणाच्या ओघात कळतं आहे. उशाशी होतात म्हणून उपकार सांगता? उशाशी बसून एक कार्ड टाकवलं नाही तुमच्यानं! धार काय विलायतेत आहे?

माझ्या घरी मूल गेलं, होय. ते मी कधी नाकारलं? माझ्या घरी गेलं म्हणूनच किती रक्त गेलं ते मला ठाऊक आहे आणि तुम्हांला नाही. माझं नाव निघू दे डॉक्टरीणबाईंपुढे, सगळ्या माळव्यात दवंडी पिटू दे. नाव जाईल, मुलगी राहील. आणि सवतीचं भय मला दाखवू नका. सवत आली तर कमल माझ्या घरी येऊन राहील. पण मेली तर कुठून आणू?

म्हणजे ही तिसरी खेप. दिवस राहिले तीनदा, बाळंतपण एक, हाती मूल नाही. हे एवढं साधं तुमच्या तोंडून निघत नाही, तर मी येते. आठ दिवसांत इथली व्यवस्था लावते, इंदूरला मोटार बदलते आणि उतरले की तुमच्या घरी न येता सरळ दवाखान्यात जाते. डॉक्टरीणबाईंना मी सांगेन.

गेल्या पत्राखाली कमलनं आपली ओळ लिहिली नाही. ती बरी आहे ना?

रुक्मिणीबाई


देवास,
१० जुलै १९५४

गं. भा. रुक्मिणीबाई यांस जानकीबाईचा नमस्कार. येता म्हणता, या. पण आम्हांला डावलून दवाखान्याची पायरी चढलात, तर या घराची पायरी तुम्हांला

आई, इथपर्यंत सासूबाईंनी सांगितलेलं लिहिलं. पुढचं मी लिहिते आहे. त्या समोर पाटावर बसून सांगताहेत आणि त्यांना वाटतं आहे की मी त्यांचंच उतरून घेते आहे. लिहून झालं की हे सगळं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, म्हणजे तुम्हां दोघींना एकच मिळेल.

तू तीन म्हणतेस. सासूबाई दारात एक सांगतात, मनात तीन धरतात. दोघींचंही चुकलं आहे. ही चौथी.

गेल्या वर्षी मी सोनकच्छला ह्यांच्याकडे राहायला गेले होते. तिसरा महिना लागला होता, कुणाला सांगायचं ते जरा टिकल्यावर सांगू असं ठरवलं होतं. सकाळी कंबर भरून आली, मोरीत जाऊन बसले आणि गेलं. शेजारची बाई धावत आली, "घबराव मती, बेन" म्हणत धीर देत तिनंच सगळं धुतलं. हे कचेरीतून आले तेव्हा मी गोधडीत पडून होते. त्यांना मी शपथ घातली, कुठेही बोलायचं नाही. देवासला कळलं असतं तर मोरोपंतांच्या मुलीचा मुहूर्त निघाला असता. धारला कळलं असतं तर तू येऊन मला उचलून नेलं असतंस. दोन्हीकडून मला कुणी विचारणार नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले.

महिनाभर तुम्ही दोघी माझ्या पोटावरून भांडता आहात. मी मधे बसून तुझं त्यांना वाचते आणि त्यांचं तुला लिहिते. तू लिहितेस 'माझी मुलगी', त्या सांगतात 'तुमची मुलगी'. माझ्याच आवाजात आणि माझ्याच अक्षरात मी दोघींची 'ती' आहे. 'आमच्यात मोजत नाहीत' हे लिहिताना माझा हात थांबला, तर सासूबाई म्हणाल्या, "लिही, शाई वाळते." मी लिहिलं. तुला ते वाचून दूध उतू गेलेलं दिसलं नाही. मग तू मला एक ओळ का नाही टाकलीस, की कमल, तुला हे लिहिताना काय झालं असेल?

पडद्याआड डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून विचारत होत्या. उत्तर सासूबाईंनी दिलं. तू बाहेर सगळं ऐकलंस, पण उठून आत आली नाहीस. विहिणीचा मान राखलास आणि धारला जाऊन पत्र लिहिलंस. मला दोघींचा राग आहे. खूप राग आहे. मोठ्यांना असं लिहू नये, पण मला आता काय लिहू नये याचा कंटाळा आला आहे.

काल मी एकटी दवाखान्यात गेले. नाक्यावर टांगेवाल्याला म्हटलं, "भिया, जनाना अस्पताल." तो म्हणाला, "कोई साथ में नी है?" मी म्हटलं, "नी है, चलो." डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तेच विचारलं. मी सांगितलं, "चार बार. दो बार कच्चे में गिर गया. जचगी एक, पूरे दिन की, बच्चा मरा हुआ. अभी एक भी नहीं." त्यांनी आधीचं लिहिलेलं खोडलं. फार रागावल्या, पण माझ्यावर नाही. वार अडकल्याचं आणि रक्ताचं सांगितलं तेव्हा लेखणी खाली ठेवून त्यांनी सगळं नीट पुन्हा विचारून घेतलं. म्हणाल्या, इथे रक्त देण्याची सोय नाही. आठवा संपायच्या आत इंदूरला मोठ्या दवाखान्यात जाऊन नाव घालायचं, शेवटचे दिवस तिथेच राहायचं.

तेव्हा धारही नाही आणि देवासही नाही. तुमचा रीतीचा तंटा मिटला. ह्यांची चुलतबहीण विद्युल्लताताई इंदूरला शाळेत शिकवतात, त्यांच्याकडे मी राहीन. हे रजा काढताहेत. तुम्हां दोघींपैकी मी कुणालाही बोलावत नाही.

आता हे मोठ्यानं वाचते.

कमल


देवास,
१९ जुलै १९५४

गं. भा. रुक्मिणीबाई यांस जानकीबाईचा नमस्कार.

हे पत्र शेजारच्या उमाशंकर मास्तरांकडून लिहवून घेते आहे, म्हणून आखडतं घेते.

तिनं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं वाचलं. मी ओरडले, पाट आपटला. ती थांबायची, माझं ओरडणं संपू द्यायची, आणि राहिलेल्या शब्दापासून पुढे वाचायची. मग पाकिटाला गोंद लावून उठली. माझ्या घरात मला असं आजवर कुणी केलं नव्हतं. तुम्ही हेच शिकवून पाठवलंत का तिला?

सोनकच्छचं मला ठाऊक नव्हतं. तुम्हांलाही नव्हतं, एवढंच समाधान. उद्या तिला इंदूरला पाठवते आहे. पाठवते कसली, ती जाते आहे.

जानकीबाई


इंदूर,
४ सप्टेंबर १९५४

ती. आई आणि सौ. सासूबाई यांस कमलचा साष्टांग नमस्कार.

दोघींना मिळून हे एकच पत्र. हे आज देवासला जाताहेत. ते सासूबाईंना आणि मामंजींना मोठ्यानं वाचून दाखवतील आणि मग धारला टपालात टाकतील.

मुलगी झाली. जिवंत आहे. आली ती ओरडतच आली, आणि खोलीतल्या सगळ्या बायका हसल्या. मी तिचा आवाज पुरता ऐकला आहे, नंतरचं मला नीट आठवत नाही. वार पुन्हा अडकली. आई, तू म्हणाली होतीस तसंच झालं. इथल्या डॉक्टरीणबाई हातमोजे चढवून उभ्याच होत्या, रक्ताची बाटली खाटेशी टांगून ठेवलेली होती. मला भूल दिली. डोळे उघडले तेव्हा नळीतून कुणा अनोळखी माणसाचं रक्त माझ्या दंडात येत होतं, आणि हे दाराशी उभे राहून लहान मुलासारखे रडत होते. विद्युल्लताताई म्हणाल्या, "पहिलटकरीण म्हणून देवासलाच राहिली असतीस तर..." आणि थांबल्या. मी ते वाक्य पुरं करते. मेले असते. सासूबाई, हे वाक्य ह्यांना पुन्हा वाचायला लावा.

मुलीचं नाव मी दुसऱ्याच दिवशी ठेवलं. रेवा. बाराव्या दिवसाची वाट बघायची माझी तयारी नव्हती. तुम्ही बारसं हवं तेवढ्या थाटानं करा, घुगऱ्या वाटा, पण पाळण्यात दुसरं नाव सांगायचं नाही. आणि बायकांत कुणी 'पहिली बेटी' म्हटलं, तर मी तिथेच उठून सांगेन की हिच्याआधी तिघं होऊन गेली.

आता तुम्ही दोघी एक प्रश्न विचाराल. त्यावर तरी तुमचं एकमत असेल. मुलगा कधी?

डॉक्टरीणबाईंनी मला आणि ह्यांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं आहे की यापुढची खेप माझा जीव घेईल. आणखी एकदा जर वाचले, तर ते नशीब, औषध नव्हे. पाचवी खेप होणार नाही. हे मी कुणाला विचारत नाही, सांगते आहे. ह्यांनी तेव्हा मान हलवली. पण मान हलवलेली देवासला कुणाला दिसणार? म्हणून हे सगळं त्यांच्याच तोंडून, त्यांच्या आईवडलांपुढे वाचायला लावते आहे. ते अडखळले तर सासूबाई, तुम्हांला डोळ्यांशिवायही कळेल. आणि नाही अडखळले, तर मामंजींनाही कळेल.

मोरोपंतांकडे पुन्हा निरोप जायचा असेल तर तो आत्ताच जाऊ द्या. मला महिनाअखेर इथून सोडतील. इंदूरच्या अड्ड्यावरून देवासची मोटारही सुटते आणि धारचीही. रेवाला घेऊन कुठल्या मोटारीत बसायचं, ते मला इथेच ठरवायचं आहे.

तेव्हा दोघींनीही उत्तर लिहा. सासूबाईंनी मास्तरांकडून लिहवून घेतलं तरी चालेल. एकमेकींना मात्र लिहू नका. या वेळी पत्र माझ्या नावानं येऊ द्या.

कमल